राजाच्या खांद्यावरचं मढं

भाच्याला वाढदिवसाला कुणीतरी पुस्तक दिलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे गोल केलेलं, हाताला गुळगुळीत लागणारं. मुखपृष्ठावर विक्रम आणि वेताळ, आणि खाली पिवळ्या गोलात छापलेलं : वयोगट ४ ते ७. भाचा सहा वर्षांचा, म्हणजे त्या गोलात व्यवस्थित बसणारा. संभाजीनगरला बहिणीच्या घरी, दिवाणावर मांडी घालून मी त्याला ते वाचून दाखवत होतो. राजा छान होता, झाड छान होतं, वेताळही छान होता, आणि तिथंच घोडं अडलं. पांढराशुभ्र, गोबऱ्या गालांचा, दोन दात दाखवत हसणारा तो वेताळ राजाच्या खांद्यावर बसला होता, जत्रेत बापाच्या खांद्यावर लेकरू बसतं तसा. प्रेताचा पत्ता नाही. मसणवट्याचा नाही. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या बुवाचाही नाही. एक प्रेमळ भूत राजाला गोष्टी सांगतं, राजा उत्तरं देतो, दोघांची दोस्ती होते आणि पुस्तक संपतं. भाच्यानं शेवटचं पान मिटलं, परत पहिलं काढलं, त्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मामा, ह्याला पाय आहेत ना? मग राजा उचलून कशाला नेतोय?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, कारण स्वयंपाकघरातून त्याच्या आईचे कान आमच्याकडंच होते. जाणून गप्प बसणाऱ्याला वेताळाच्या कायद्यात एकच शिक्षा आहे, डोक्याची शकलं; आणि बोललं की मढं परत झाडावर. डोकं शाबूत राहिलं, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पोराचं बरोबर होतं. मढं काढून घेतलं की राजा खुळा दिसतो. चालत येऊ शकणाऱ्याला कुणी रात्रभर वाहत नाही.

आमच्या घरी ही गोष्ट आज्जीची होती. गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या काठाला. दिवाळी सरली की मुकादमाच्या गाड्या यायच्या आणि निम्मं गाव रिकामं व्हायचं. जोडपीच्या जोडपी कोयते बांधून ऊसतोडीला कारखान्याला निघायची, दारांना कुलपं लागायची, आणि मागं राहायची म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि ज्यांच्या विहिरीला पाणी होतं अशी आमच्यासारखी चार-दोन घरं. रात्री जेवणं झाली की ही शिल्लक राहिलेली माणसं आमच्या ओसरीवर जमायची. लाईट असून नसल्यासारखीच. अंगणात तुराट्यांचा जाळ, ओसरीला कंदील, आणि मधोमध भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. उन्हाळी भुईमुगाच्या बियाणासाठी त्या हातानं फोडाव्या लागत. दाणा फुटता कामा नये, लाल साल निघता कामा नये. अंगठ्यानं शेंगेच्या नाकावर दाब दिला की कट्ट असा आवाज येतो. सगळ्यांच्या हातांचा तो आवाज एकसारखा चालू असला म्हणजे गोष्ट अजून सपाटीवर आहे असं समजायचं. राजा झाडावर चढला, तलवारीनं दोर कापला, मढं धाडकन खाली आलं आणि विव्हळलं, की एकेक हात थांबत जायचा. मग नुसत्या तुराट्या तडतडायच्या. आज्जीला बोलता बोलताही हे बरोबर कळायचं. हात फार वेळ थांबले की राजाला तिथंच झाडाखाली उभा करून ती म्हणायची, "गोष्टीला पैसं न्हाईत, पर हात चालू द्या."

तिचे नियम दोनच. एक, कुणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. दुसरा, दिवसा गोष्ट मागायची नाही, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. माझा मामा अंबडकडचा, नदीपलीकडचा, आणि मुळातच कुठं वेळेवर न पोचणारा. तो दोन दिवस उशिरा आला की आई आज्जीकडं आणि आज्जी आमच्याकडं बघायची.

हुंकार द्यायचं काम बहुतेक वेळा शेजारच्या एका पोराकडं असायचं. त्याचे आई-बाप कारखान्याला गेलेले, तो आजोबांजवळ राहिलेला. आम्ही बाकीची पोरं मढ्याबद्दल विचारायचो. त्याला वास येतो का, डोळे उघडे आहेत का, हात राजाच्या पाठीला लागतात का. ह्याचा प्रश्न दर वेळी एकच. "राजा जेवला का?" आज्जीनं पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग एके रात्री तिनं राजाच्या उपरण्यात भाकरी बांधून दिली, वर मिरचीचा ठेचा. आता पंचाईत अशी की जेवायला बसायचं तर मढं खाली ठेवावं लागणार, आणि खाली ठेवलं की ते पळणार. आज्जीनं क्षणभर विचार केला आणि राजाला चालता चालता, एका हातानं, दातांनी तुकडे तोडत जेवायला लावलं. ती हे करूनही दाखवायची. डावा हात खांद्यावर घट्ट, उजव्या हातात भाकरी, आणि मान अशी वाकडी की मढ्याचा गार गाल आपल्या कानाला लागू नये. "आन् तलवार?" माझ्या चुलतभावानं विचारलं. "कमरंला," आज्जी म्हणाली. पोराचं समाधान झालं आणि त्यानं पुढचा हुंकार दिला. संस्कृतात, मराठीत, जिथं कुठं ही गोष्ट मी पुढं वाचली, तिथं राजा उपाशीच फिरतोय.

त्या ओसरीवर ही गोष्ट लहान मुलांची आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. आमच्यासाठी वेगळी आणि मोठ्यांसाठी वेगळी असा स्वयंपाकसुद्धा घरात होत नव्हता, गोष्टी कुठून होणार. डोकी बदललेल्या नवऱ्याचं कोडं निघालं की तर आम्ही पोरं बाजूलाच पडायचो. देवीच्या देवळात नवऱ्यानं आणि बायकोच्या भावानं आपापली मुंडकी उतरवून ठेवलीत, देवी प्रसन्न होऊन म्हणते जोड परत, आणि ती बाई गडबडीत ह्याचं डोकं त्याच्या धडाला लावून बसते. नवरा कोण? राजा सांगतो, सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचं डोकं ज्याच्यावर तो नवरा. हे उत्तर आज्जी सांगून टाकायची, पण ओसरी ते मान्य करायची नाही. धाकटी आज्जी, म्हणजे आज्जीची जाऊ, दर वेळी भडकायची. "डोस्कं काय करायचंय? फडात डोस्कं नेऊन ऊस तुटतोय व्हय? राबणारं अंग ज्याचं, त्यो नवरा." आजोबा राजाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, सातबाऱ्याला अंगठा उठवताना तोंड बघतात. ह्यावर कोपऱ्यातली एखादी म्हातारी हळूच काहीतरी पुटपुटायची आणि सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या. आम्हाला काही कळायचं नाही, पण त्या हसतायत म्हणून आम्हीही पोट धरून हसायचो. त्या म्हातारीच्या बोलण्याचा अर्थ मला फार वर्षांनी, एसटीत बसलेलो असताना एकदम लागला आणि शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला.

फळाचा प्रसंग आला की मोठी माणसं वेगळ्याच तऱ्हेनं ऐकायची. बुवा रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो, काही मागत नाही, निघून जातो. राजा फळ खजिनदाराकडं देतो. अशी दहा वर्षं. एक दिवस सुटलेलं माकड ते फळ हिसकावून फोडतं आणि आतून रत्न पडतं. खजिनदार पळत जाऊन बघतो तर खिडकीतून फेकलेली फळं कुजून गेलीत आणि रत्नांचा ढीग लागलाय. आज्जीच्या गोष्टीत हे फळ सीताफळ होतं. बीडकडच्या माणसाला दुसरं कुठलं सुचणार? माकडानं सीताफळ दगडावर आपटलं, पांढरा गर फाकला आणि काळ्या बियांच्या जागी लालभडक माणकं, असं ती सांगायची, आणि आम्ही सीताफळ खाताना एकेक बी थुंकून हातावर तपासायचो. सीताफळ अमेरिकेकडून आलेलं, विक्रमाच्या काळात ते इथं कुठलं, हे तिला सांगण्याची माझी कधी छाती झाली नाही. पण सांगायचं होतं ते आजोबांचं. ह्या प्रसंगाला ते झोपेत असले तरी जागे व्हायचे आणि म्हणायचे, "ही उचलच की." ओसरीवरच्या माणसांना आणखी काही समजावून सांगावं लागायचं नाही. मुकादम असाच यायचा, आखाडात, घरात दाणा नसताना, हसतमुखानं पैसे देऊन जायचा. काम मागायला पुढं कधीतरी. दहा वर्षं फुकट माणकं देणारा एक दिवस म्हणतो, फक्त एक रात्र माझ्यासाठी मसणात ये, आणि राजाला नाही म्हणता येत नाही. ही भानगड ज्यांच्या अंगावरून गेली होती, त्यांच्यासाठी त्या गोष्टीत भूत नावापुरतंच होतं.

आम्हा पोरांना मात्र भूतच हवं होतं. आज्जीनं गोष्टीतलं झाड आमच्याच मसणवट्यातल्या चिंचेला नेऊन बसवलं होतं. नदीच्या थडीला, वाळूच्या वर, एकटी चिंच. शेताकडं जायची पाऊलवाट तिच्याजवळूनच. दिवसाढवळ्या तिथून जाताना मी डावीकडं बघायचो नाही. जायकवाडी १९७६ ला पूर्ण झालं तेव्हापासून आमच्याकडच्या पात्रात वरून सोडलं तर पाणी, नाहीतर नुसती वाळू. त्या कोरड्या वाळूत वारा सुटला की चिंचेखालचा पाला खसखस करत सरकायचा, आणि पाठीवर काहीतरी ओलं, जड लटकल्यासारखं वाटायचं. मी खांदा झटकून पळत सुटायचो. घरी आलो की पहिलं वाक्य, "आज्ये, आज रात्री येताळाची सांग."

भ्यायला बरं वाटायचं.

कारण ती भीती आपल्या हातातली होती. हुंकार बंद केला की तीही बंद. बाकी ज्या गोष्टींची धास्ती होती, कारखान्याला गेलेले आई-बाप पाडव्याच्या आधी येतील का, येताना धडके येतील का, उचल फिटली असेल का, तिथं हुंकार बंद करून काही थांबत नव्हतं. हे तेव्हा कुणी असं बोललं नाही. शेजारचा तो पोरगा तर सगळ्यांत धीट होता. मढ्याला तो अजिबात भ्यायचा नाही.

पुढं चांदोबा मासिक हातात आलं, गेवराईच्या एसटी स्टँडवरून. त्यातलं चित्रकार शंकर ह्यांचं ते चित्र माझ्या पिढीतल्या कुणालाही डोळे मिटून काढता येईल. उपसलेली तलवार, दमदार पावलं, आणि खांद्यावर आडवं टाकलेलं ते पांढुरकं मढं. राजाच्या चेहऱ्यावर भीती नाही, घाई नाही, असलाच तर थोडा वैताग. मूळ कोडी कधीच संपली होती तरी राजा दर महिन्याला नवी गोष्ट ऐकत चालतच राहिला, आणि आम्हाला त्यात काही खटकलं नाही. १९८५ च्या सुमाराला टीव्हीवर मालिका आली तेव्हा गावातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढं सगळं गाव बसलेलं असायचं. सज्जन नावाच्या नटाचा तो हसरा, खवचट वेताळ मला आवडायचा, पण आज्जीनं एकदाच बघितलं आणि "लई तोंड वाजवतंय मढं" असा शेरा मारून उठून गेली. २०२० मध्ये शंकर वारल्याची बातमी वाचली तेव्हा तोवर त्या चित्राच्या पाठीमागं एक माणूस बसलेला आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं असं लक्षात आलं.

नोकरीला लागल्यावर केव्हातरी कथासरित्सागराचं मराठी भाषांतर वाचायला घेतलं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं, सूर्यवती राणीचं मन रमावं म्हणून रचलेला तो ग्रंथ. वेताळाची गोष्ट बाराव्या लंबकात, म्हणजे खंडात येते. तिथपर्यंत मी उज्जैनचा राजा डोक्यात धरून बसलो होतो, सगळेच धरतात. आणि सुरुवातीलाच वाचतो तर काय, गोदावरीच्या तीरावर प्रतिष्ठान नावाचं नगर आहे, तिथं विक्रमसेनाचा मुलगा त्रिविक्रमसेन राज्य करत होता. प्रतिष्ठान, म्हणजे आमचं पैठण! जिथं आम्ही नाथषष्ठीला जातो, जिथली पैठणी परवडत नाही म्हणून बाहेरूनच बघून येतो, जिथल्या धरणातून पाणी सुटतंय का ह्यावर आमचा रब्बी ठरतो, ते. पुढं क्षांतिशील नावाचा तो भिक्षू राजाला सांगतो की वडाखाली मी बसतो, तू इथून दक्षिणेला जा, तिथं शिंशपेच्या झाडाला प्रेत लटकतंय ते आण. पैठण गोदेच्या डाव्या काठावर. दक्षिणेला जायचं म्हणजे नदी ओलांडून उजव्या काठाला यायचं. म्हणजे आमच्याच बाजूला. काश्मीरच्या पंडिताला काय अभिप्रेत होतं देव जाणे, मला तर आज्जीची चिंच बरोबर ठिकाणी आहे असाच पुरावा मिळाला आणि मी त्या रात्री खोलीत एकटाच हसलो. तिला सांगायला ती नव्हती. असती तरी तिनं "मग मी काय खोटं सांगत व्हते?" एवढंच विचारलं असतं.

त्यानंतर पैठणला गेलो की पालथ्या नगरीकडं, म्हणजे मातीखाली गेलेल्या जुन्या वस्तीकडं एक चक्कर होतेच. तीर्थखांब बघायचा, सातवाहनांच्या काळातलं काय काय मातीखाली आहे ह्याचा अंदाज करत फिरायचं. ज्या बृहत्कथेतून सोमदेवानं आपल्या गोष्टी घेतल्या तिचा कर्ता गुणाढ्यही इथल्याच सातवाहनाच्या दरबारातला. त्याची हकिगत ही माझ्या मते सगळ्या ग्रंथातली सर्वांत भारी गोष्ट आहे, वेताळाहूनही. राजाला व्याकरण शिकवायला गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, असं गुणाढ्य बोलून गेला, आणि तसं झालं. तो विंध्याच्या रानात निघून गेला. उरलेल्या एकाच भाषेत, पिशाचांच्या पैशाचीत, त्यानं सात वर्षं बसून सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई कुठली? रक्तानं लिहिले. शिष्यांबरोबर राजाकडं पाठवले तर राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्यानं अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. ऐकायला कोण? हरणं, रानडुकरं, रेडे. चरायचं सोडून गोल करून उभी राहिली आणि रडायला लागली. इकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळकं आहे. आचारी म्हणाले, पारधी असलंच आणतात. पारधी म्हणाले, काय करणार, रानातली जनावरं गवताला तोंडच लावत नाहीत, एक माणूस काहीतरी वाचतोय ते ऐकत उभी आहेत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख त्यानं मागून घेतला. पुढं तोही मूळ रूपात हरवला.

ही गोष्ट जाळण्याची म्हणून सगळे सांगतात. मला त्यातलं जेवणखाणाचं गणित आवडतं. गोष्ट इतकी चांगली की श्रोत्यांचं चरणं सुटलं, श्रोते वाळले, म्हणून ती न ऐकणाऱ्या राजाच्या पोटात दुखलं. दाद पोचायचा ह्याहून सरळ रस्ता मी कुठं वाचला नाही. आणि पैठणच्या माणसाला तर ह्यात नवल वाटायचं कारणच नाही. ज्या गावात नागघाटावर रेड्यानं वेद म्हटल्याचं लहानपणापासून ऐकलंय, तिथल्या रेड्यांनी त्याआधी हजारभर वर्षं गोष्टी ऐकल्या असतील तर बिघडलं कुठं? आधी ऐकायचं, मग बोलायचं, क्रम बरोबरच आहे. त्या श्रोत्यांचा वयोगट मात्र कुणी विचारला नाही. शिंगं फुटलेले आणि न फुटलेले, सगळे एकाच गोलात उभे होते.

बहिणीचं म्हणणंही मला टाकवत नाही. तिचं पोरगं आठवडाभर दिवा लावून झोपलं तर उठायचं तिला आहे, मला नाही. फ्लॅटमध्ये ओसरी नाही. तिथं पोरगं भ्यालं तर त्याच्या दोन्ही बाजूंना आजोबा आणि धाकटी आज्जी घोंगडीत बसलेली नसतात, आपल्या खोलीत ते एकटंच असतं. भीती तीच, पण वाटून घ्यायला माणसं नाहीत. म्हणून मग गोष्टीतलीच भीती कमी करायची, वजन उतरवायचं, कोपरे गोल करायचे. कळतं मला. पण पुस्तक काढणाऱ्यांनी मढं काढलं तेव्हा नुसती भीती गेली नाही, राजा परत परत का जातो हेच गेलं. एवढं ओझं, एवढा वास, एवढा अंधार, उत्तर दिलं की सगळी मेहनत पाण्यात, आणि तरी हा माणूस मागं वळून झाडाकडं चालायला लागतो. चार वर्षांच्या पोराला हे कळत नाही असं कोण म्हणतं? ठोकळ्यांचा मनोरा पडला की तेच पोरगं परत पहिल्यापासून रचतंच की.

शेवटी मी भाच्याला खरी गोष्ट सांगितली. गच्चीवर, भर दुपारी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. दिवसा सांगायला हरकत नव्हती, मामा मीच, चुकलो तर चुकलो. मढं, मसणवटा, हाडं, चिता, काही गाळलं नाही. आज्जीची भाकरीसुद्धा घातली. मढ्याला तो अजिबात भ्याला नाही, उलट ते राजाच्या खांद्यावर नेमकं कसं टाकलंय हे मला उभं करून तपासून घेतलं. पण शेवटी भिक्षूचा डाव उघडा पडला, राजालाच बळी देऊन विद्याधरांचं राज्य मिळवायचा त्याचा बेत आहे हे कळलं, तेव्हा पोरगं एकदम गप्प झालं. जरा वेळानं म्हणालं, "पण तो तर रोज फळ द्यायचा." मी म्हटलं, हो. "दहा वर्षं?" हो. बराच वेळ तो टाकीवरचा शेवाळाचा पोपडा नखानं काढत बसला. पिवळ्या गोलवाल्यांनी जे भीतीदायक म्हणून काढलं होतं ते त्यानं सहज पचवलं होतं, आणि जे सगळ्यांत भयंकर होतं ते नेमकं गोड फळात होतं. आजोबा असते तर त्यांनी त्याला जवळ ओढून घेतलं असतं.

चोविसावं कोडं मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही, त्याला कागद-पेन्सिल लागते. चंडसिंह राजा आणि त्याचा मुलगा सिंहपराक्रम रानात शिकारीला जातात. वाटेत दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठं पाऊल, एक लहान. बाप-लेक ठरवतात, मोठ्या पावलाची ती बापाची, लहान पावलाची ती मुलाची. बघतात तर त्या मायलेकी, आणि मोठं पाऊल लेकीचं निघतं. शब्द तो शब्द. बापाचं लग्न लेकीशी, मुलाचं लग्न आईशी. दोघींना मुलं झाली. वेताळ विचारतो, त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा पहिल्यांदाच निरुत्तर होतो, मुकाट्यानं चालत राहतो, आणि त्या गप्प राहण्यावर खूश होऊन वेताळ त्याला भिक्षूचा डाव सांगून टाकतो. सगळी गोष्ट त्या एका न आलेल्या उत्तरावर सुटते.

आमच्या ओसरीवर ती सुटली नाही. आज्जी "राजाला काय उत्तर सुचंना" म्हणून जरा थांबली, पुढचं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि धाकटी आज्जी शेंगा फोडता फोडता, मान वर न करता म्हणाली, "त्यात काय न सुचायचं? बापाचं लेकरू हे पोराचं सावत्र भाऊ, म्हंजी पोराच्या लेकराचा चुलता. आन् आईचं लेकरू हे लेकीचं सावत्र भाऊ, म्हंजी लेकीच्या लेकराचा मामा. ह्यो त्याचा चुलता, त्यो ह्याचा मामा. झालं." ओसरीवर दोन मिनिटं बोटं मोजली गेली. आमच्यात मामाची पोरगी करतात, कुठं कुठं भाचीही करतात. दोन्हीकडून नातं लागतंय म्हणून लग्नात कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्न तिथल्या निम्म्या बायांना आयुष्यात पडलेला होता. सगळ्यांनी मोजून बघितलं, बरोबर होतं. आजोबांनीसुद्धा मान डोलावली. एकीनं विचारलं, मग ह्याच्या लग्नात मामाचा आहेर त्यानं करायचा, तर त्याच्या लग्नात चुलता म्हणून मानपान ह्याला द्यायचा का? त्यावर दोन तट पडले.

"आरं थांबा, थांबा," हुंकार देणारा पोरगा एकदम उभाच राहिला. "उत्तर दिलं! मढं परत गेलं झाडावर!"

कायदा कायदा असतो. आम्ही सगळी पोरं ओरडायला लागलो, परत गेलं, परत गेलं, राजाला परत जावं लागंल. आज्जीनं समजावून बघितलं की उत्तर राजानं दिलेलं नाही, वाटेवरच्या एका भोचक बाईनं दिलंय, ते धरायचं नसतं. कुणी ऐकेना. शेंगांचा ढीग बराच शिल्लक होता, रात्रही होती. तिनं धाकट्या जावेकडं एकदा रागानं बघितलं, सुपातली टरफलं अंगणातल्या जाळावर झटकली आणि राजाला मागं वळवलं. त्या रात्रीचं पंचविसावं कोडं मी पुढं कुठल्याही ग्रंथात शोधून पाहिलं, सापडलं नाही. ते एका राज्यातल्या अशा बाईचं होतं जिला थोरल्या जावेच्या बोलण्यात मधे तोंड घालायची खोड असते, आणि त्यापायी तिच्या तोंडाचं काय काय होतं ते आज्जीनं बैजवार सांगितलं. धाकटी आज्जी शेवटपर्यंत बसून होती. मधे एकदा तिनं हुंकारही दिला.